जेमवरची खरेदी, शेवटची सही करणाऱ्याच्या खुर्चीतून

विभागप्रमुखाला जेमचं, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजाराचं (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस), पोर्टल फारसं दिसतच नाही. त्याच्या टेबलावर येते ती नस्ती. वर टिपणी, खाली तुलनात्मक तक्त्याची छपाई, त्याखाली बिडची (ऑनलाइन निविदेची) पीडीएफ, आणि टिपणीच्या शेवटी ठरलेलं वाक्य: 'सदर दर जेम पोर्टलवर न्यूनतम असल्याने मान्यतेस्तव सादर.' निम्म्याहून जास्त सह्या या एका वाक्याच्या भरवशावर होत असाव्यात. उपसचिव, सहसंचालक, कार्यालयप्रमुख, म्हणजे सक्षम प्राधिकारी म्हणून ज्यांचं नाव आदेशावर जातं, त्यांना ही सेवा नेमकं काय देते आणि काय देत नाही, एवढंच इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. बिड प्रसिद्ध झाल्यापासून न्यूनतम दर निघेपर्यंतचा मधला टप्पा जेम उत्तम सांभाळतं. त्याच्या आधीचा टप्पा (काय हवं, किती हवं, कितीला मिळायला हवं) आणि नंतरचा टप्पा (फाटकातून आलेला माल खरंच मागितलेला आहे का) या दोन्ही ठिकाणी ते काठावर पास आहे. लेखा आक्षेपही मुख्यतः याच दोन टोकांना निघतात.

याची मुळं जुन्या व्यवस्थेत आहेत. जेम ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालं आणि पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय, म्हणजे दरकरार करणारं केंद्राचं जुनं कार्यालय, ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झालं. दरकरारात दर वाजवी आहे की नाही हे महासंचालनालय ठरवायचं. खालच्या कार्यालयाने दरकराराचा क्रमांक टाकायचा आणि पुरवठा आदेश काढायचा. जेमवर असा दर कोणीही ठरवून दिलेला नसतो. विक्रेता स्वतःचा दर स्वतः टाकतो. तो वाजवी आहे याची खात्री खरेदीदाराने करायची, असं सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १४९ स्पष्ट म्हणतो, आणि त्यासाठी पोर्टलवरची विश्लेषण साधनं, जेमवरचा मागचा खरेदी दर आणि आपल्या विभागाचा मागचा खरेदी दर पाहायला सांगतो. म्हणजे दरकरार गेला, पण त्यामागची जबाबदारी खाली सरकून सही करणाऱ्याजवळ येऊन बसली. 'जेमवर न्यूनतम' हे वाक्य ती जबाबदारी उचलत नाही.

आता किमतीच्या पायऱ्या. नियम १४९ च्या सुधारित मर्यादांप्रमाणे ५०,००० रुपयांपर्यंत उपलब्ध विक्रेत्यांपैकी कोणाकडूनही थेट खरेदी करता येते. अट एवढीच की दर्जा, तपशील आणि पुरवठ्याची मुदत जुळली पाहिजे. ५०,००० ते १० लाख रुपयांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या वस्तूंची तुलना करून त्यातली न्यूनतम घ्यायची. मोटारगाड्यांसाठी ही मर्यादा ३० लाख आहे. १० लाखांच्या वर ऑनलाइन बिड किंवा रिव्हर्स ऑक्शन (विक्रेते एकमेकांपेक्षा दर खाली आणत जातात असा उलटा लिलाव) सक्तीचं. जुने २५,००० आणि ५ लाख हे आकडे कित्येक कार्यालयांच्या टिपणीच्या मसुद्यात अजून तसेच आहेत. मसुदा बदलून घ्या. राज्य शासनाच्या कार्यालयांनी मात्र केंद्राचे हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. महाराष्ट्रात १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेली खरेदीची नियमपुस्तिका आणि तिच्यावरच्या नंतरच्या सुधारणा आधी पाहायच्या.

तुलनेच्या टप्प्यावर सर्वात जास्त फसगत 'तीन' या शब्दात होते. नियमाला तीन उत्पादक हवे आहेत. एकाच कंपनीचा प्रिंटर तीन विक्रेत्यांनी लावलेला असेल तर ती तुलना होत नाही, तो एकाच उत्पादकाच्या तीन दुकानांमधला भाव होतो. छापील तक्त्यात विक्रेत्याचं नाव ठळक आणि उत्पादकाचं बारीक अक्षरात असतं, म्हणून हे सुटतं. दुसरी जागा फिल्टरची. खरेदी करणारा कर्मचारी एकेक फिल्टर लावत जातो आणि प्रत्येक क्लिकला उरलेली उत्पादनं कमी होत जातात. पडद्यावर सुरुवातीला शंभरभर उत्पादनं असतात. रॅम, पडद्याचा आकार आणि वॉरंटी लावली की वीस उरतात. मग एखादं असं वैशिष्ट्य लागतं की नेमकी तीन उरतात, आणि त्यातली दोन एकाच घराण्यातली. नस्तीवर फक्त शेवटची तीन येतात. म्हणून तुलनात्मक तक्त्यासोबत लावलेल्या फिल्टरांची यादी आणि प्रत्येकाचं एका ओळीचं कारण मागवावं. 'वॉरंटी ३ वर्षे, कारण देखभालीचा वेगळा करार नाही' हे कारण चालतं. 'कार्यालयाची गरज' हे कारण नाही.

नियम १५७ मधली मागणीचे तुकडे न पाडण्याची तरतूद जेमवरही तशीच लागू आहे, आणि इथे ती मोडल्याचा पुरावा आपोआप साठत जातो. समजा ६० खुर्च्या, प्रत्येकी ८,००० रुपये, एकूण ४ लाख ८० हजार. सहा-सहा खुर्च्यांचे दहा थेट आदेश काढले तर प्रत्येक आदेश ४८,००० चा, म्हणजे मर्यादेच्या आत. पूर्वी अशा दहा नस्त्या दहा कपाटांत जायच्या. आता एकाच खात्यात, एकाच वस्तूचे, आठ दिवसांतले दहा करार तारखेनिशी रांगेत दिसतात. लेखापरीक्षकाला फक्त यादी काढायची असते. वर्षाच्या सुरुवातीलाच शाखांकडून मागण्या गोळा करून एकत्र केल्या की हा प्रश्नच उरत नाही, आणि ते काम पोर्टल करून देत नाही.

दर वाजवी आहे का, हे पाहण्याची एक साधी पण नेहमी चुकणारी रीत आहे. जेमवरच्या किमती सर्व करांसह आणि मालप्राप्तकर्त्याच्या दारात पोहोच धरून असतात. बाजारातलं दरपत्रक बहुधा वस्तू व सेवा कर वगळून येतं. समजा दुकानदार ४२,००० म्हणतो आणि जेमवर ५०,५०० दिसतात. टिपणीत 'जेमवर ८,५०० रुपये जास्त' असं लिहून लोक मोकळे होतात, किंवा उलट हा फरक लपवायला दरपत्रकच लावत नाहीत. ४२,००० वर १८ टक्के कर धरला की ४९,५६० होतात. खरा फरक ९४० रुपयांचा, आणि तो वाहतूक व जोडणीत सहज जातो. तुलना याच पद्धतीने कागदावर मांडली तर पुढे कोणी विचारायला आलं तरी उत्तर तयार असतं. एमआरपीवरच्या सवलतीला मात्र काडीचंही वजन देऊ नये. ती एमआरपीही विक्रेत्यानेच भरलेली असते. ५५ टक्के सूट म्हणजे स्वस्त, हा घरगुती खरेदीचा निकष इथे कामाचा नाही. मागच्या वर्षीचा स्वतःचा दर, शेजारच्या विभागाने केलेला करार आणि करासह बाजारभाव, हे तीन आकडे एका ओळीत असले की पुरे.

व्यवहार शुल्काचाही दरावर थोडा परिणाम असतो. ऑगस्ट २०२४ पासून १० लाखांपर्यंतच्या करारांवर विक्रेत्याला शुल्क नाही, १० लाख ते १० कोटींपर्यंत ०.३० टक्के, आणि त्यावर सरसकट ३ लाख रुपये. ४० लाखांच्या करारावर हे १२,००० होतात. पूर्वीच्या मानाने हा भार बराच उतरला आहे, त्यामुळे 'जेमचं शुल्क धरून दर जास्त आहे' हे विक्रेत्याचं जुनं रडगाणं आता ऐकून घेऊ नये.

बिडची पीडीएफ: ही पानं स्वतः वाचा

दहा लाखांच्या वरच्या खरेदीत वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळ द्यायचाच असेल तर तो बिड प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवशी द्यावा. दर उघडल्यावर दिलेल्या वेळेचा उपयोग नाही. तोवर जे व्हायचं ते झालेलं असतं. गंमत अशी की पीडीएफच्या शेवटच्या भागात, खरेदीदाराने घातलेल्या अतिरिक्त अटींच्या खाली, पोर्टल स्वतःच छापतं की या अटी खरेदीदार संस्थेतल्या सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने घातल्या आहेत. ही ओळ आपोआप येते. सक्षम प्राधिकाऱ्याने त्या अटी पाहिलेल्या असोत वा नसोत, त्याचं नाव तिथे गुंतलेलं असतं.

त्याच ठिकाणी कोणत्या अटी घातल्या तर त्या रद्दबातल समजल्या जातील याचीही यादी आहे. विशिष्ट ब्रँड, मेक किंवा मॉडेलचं नाव. कागदपत्रं प्रत्यक्ष आणून देण्याची सक्ती. निविदा शुल्क किंवा सहभाग शुल्क. अमुक एका विभागातलाच अनुभव हवा अशी अट. भारतीय मानक असताना समकक्ष भारतीय प्रमाणपत्राचा उल्लेख न करता फक्त परदेशी प्रमाणपत्र मागणं. लघुउद्योग धोरणाशी किंवा मेक इन इंडिया आदेशाशी विसंगत कलम. बाहेरच्या संकेतस्थळावरच्या अटींचा हवाला. जुन्या निविदांच्या फायलीतून अटी उचलून चिकटवण्याची सवय असलेल्या शाखेत यातल्या दोन-तीन हमखास सापडतात. 'धनाकर्ष बंद पाकिटात कार्यालयात जमा करावा' ही अट तर जणू वारसाहक्कानेच पुढे चालत येते. बिड प्रसिद्ध झाल्यापासून चार दिवसांत विक्रेता अशा अटींवर हरकत नोंदवू शकतो, आणि प्रत्येक हरकतीला उत्तर दिल्याशिवाय खरेदीदाराला बिड उघडता येत नाही. ही सोय जेमच्या उत्तम गोष्टींपैकी एक. आलेल्या हरकती वरिष्ठांनी स्वतः वाचाव्यात. आपल्या बिडमध्ये काय खटकतं ते विक्रेत्याइतकं बारकाईने दुसरं कोणी सांगत नाही. 'अटी मान्यतेनुसार आहेत' असं एका ओळीचं उत्तर देऊन हरकत मिटवली की तीच हरकत पुढे तक्रार म्हणून वर येते.

मग पहिल्या पानावरचा तक्ता. तिथले रकाने रटाळ दिसतात, पण स्पर्धा तिथेच कापली जाते. निविदाकाराची किमान सरासरी वार्षिक उलाढाल, उत्पादकाची उलाढाल, पूर्वीच्या पुरवठ्याची टक्केवारी, अनुभवाची वर्षं. २० लाखांच्या खरेदीला २ कोटींची उलाढाल मागितली असेल तर शून्य चुकून जास्त पडलं की मुद्दाम टाकलं, हे विचारायलाच हवं. पूर्वीच्या पुरवठ्याची अट आकड्यांत मांडून पाहावी: ४०० नग आणि ६० टक्के म्हणजे मागच्या तीनपैकी निदान एका आर्थिक वर्षात २४० नगांचा पुरवठा. एवढा पुरवठा करणारे बाजारात किती आहेत हे शाखेला सांगता येत नसेल तर टक्केवारी अंदाजाने टाकलेली आहे. त्याच तक्त्यात लघुउद्योगांना आणि स्टार्टअपना उलाढाल व अनुभवातून सूट द्यायची की नाही याचं 'हो' किंवा 'नाही' असतं. 'नाही' निवडलं असेल तर त्याचं कारण नस्तीवर हवं.

मूल्यमापनाची पद्धत एकूण किमतीवर की वस्तुनिहाय, हा रकाना बहुतेक जण वाचतही नाहीत. संगणक, यूपीएस आणि प्रिंटर एकाच बिडमध्ये बांधून एकूण किमतीवर मूल्यमापन ठेवलं तर तिन्ही विकणाराच टिकतो, आणि प्रिंटरचा चढा दर संगणकाच्या उतरत्या दरामागे लपतो. गरज खरंच एकत्रित असेल, म्हणजे एकाने बसवून चालू करून द्यायचं असेल, तर ठीक. नसेल तर वस्तुनिहाय. ऑप्शन क्लॉज घेतलं असेल तर करार करताना आणि करारादरम्यान संख्या २५ टक्क्यांपर्यंत वाढवता येते. त्यासाठी तरतूद आहे का, हे आधीच पाहून ठेवावं.

लघुउद्योगांचं प्राधान्य पोर्टल बऱ्यापैकी स्वतः हिशोबात धरतं, तरी त्याचं गणित सही करणाऱ्याला यायला हवं. न्यूनतम दर १० लाखांचा आणि तो लघुउद्योगाचा नसेल, तर ११ लाख ५० हजारांपर्यंत, म्हणजे १५ टक्क्यांच्या आत असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाला १० लाखांवर येण्याची संधी मिळते. वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के त्यांच्याकडून करायची, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या आणि ३ टक्के महिला उद्योजकांच्या उद्योगांकडून. फक्त व्यापार करणाऱ्याला हे प्राधान्य लागू नाही. उद्यम नोंदणीचा कागद जोडला म्हणजे झालं, असं समजून व्यापाऱ्याला प्राधान्य दिल्याची उदाहरणं आक्षेपांत सापडतात. कागदावर उत्पादन लिहिलंय की व्यापार, हे एकदा डोळ्यांनी पाहावं. मेक इन इंडिया आदेशासाठीची देशी घटकांची घोषणा वेगळी: ५० टक्के किंवा जास्त असेल तर पहिला वर्ग, २० ते ५० च्या दरम्यान असेल तर दुसरा. ही घोषणा विक्रेत्याची स्वतःची असते.

तांत्रिक मूल्यमापनात एकच गोष्ट कठोरपणे पाहायची. अपात्र ठरवण्याचं कारण बिडमधल्या कोणत्या अटीला धरून आहे? 'कागदपत्रे अपूर्ण' एवढं लिहिलेली नस्ती परत पाठवावी. कोणतं कागदपत्र, बिडच्या कोणत्या अटीप्रमाणे, आणि त्रुटी कळवून स्पष्टीकरण मागवलं होतं का? पाचपैकी चार अपात्र आणि एक पात्र असं चित्र आलं तर दर उघडण्यापूर्वी थांबून चारही कारणं स्वतः तपासावीत. बिडमध्ये नसलेल्या निकषावर कोणाला बाहेर काढता येत नाही, आणि बिडमध्ये असलेल्या निकषावर कोणाला सूटही देता येत नाही. दुसरा भाग जास्त वेळा मोडला जातो, कारण त्यात कोणाचं नुकसान दिसत नाही.

रिव्हर्स ऑक्शनबद्दल मत संमिश्र. एकसारखी, मोजता येणारी वस्तू असेल (कागद, टोनर, ठरावीक तपशिलाचे संगणक) तर दर खरोखर खाली येतात. सर्वाधिक दराच्या निविदाकाराला आधी वगळण्याचा पर्याय घेतला की पहिलाच दर नीट भरला जातो. दर्जा डोळ्यांनी पाहून ठरवायचा असतो अशा मालाला (फर्निचर, गणवेशाचं कापड) मात्र ते महागात पडतं. शेवटच्या दहा मिनिटांत उतरलेले पैसे कापडाच्या वजनातून आणि प्लायवूडच्या जाडीतून वसूल होतात. अशा बिडमध्ये जाडी मिलिमीटरमध्ये, कापडाचं वजन ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये आणि चाचणीची प्रयोगशाळा हे सगळं आधी लिहिलेलं असेल तरच ऑक्शन लावावं.

मनुष्यबळाच्या सेवेत ही यंत्रणा सर्वात लंगडी आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधीचे मालकाचे १२ टक्के, कर्मचारी राज्य विम्याचे ३.२५ टक्के, हे सगळं कायद्याने ठरलेलं. स्पर्धा उरते फक्त सेवाशुल्कात. अनेक निविदाकार एकाच आकड्यावर येऊन थांबतात आणि मग बरोबरीतल्यांतून पोर्टल यंत्रानेच एक निवडतं. निवड निर्दोष असते, पण निवडलेला माणूस पगार वेळेवर देईल का, याच्याशी तिचा काही संबंध नाही. म्हणून इथे सगळी राखण देयकाच्या टप्प्यावर: मागच्या महिन्याचे बँकेतून झालेले वेतन, निधी आणि विम्याची चलनं, कर्मचारीनिहाय यादीसह. चलन एकत्रित असेल आणि यादी नसेल तर आपल्याच कार्यालयातली माणसं त्यात आहेत की नाही ते कळत नाही.

माल फाटकात आल्यावर

मालप्राप्तकर्त्याने माल आल्यावर ४८ तासांत तात्पुरती पोच आणि त्यानंतर १० दिवसांत तपासून स्वीकृती प्रमाणपत्र द्यायचं; शाखेत याला सगळे पीआरसी आणि सीआरएसी म्हणतात. सीआरएसीनंतर १० दिवसांत पैसे. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात मालप्राप्तकर्ता म्हणून नाव असतं भांडारपालाचं, आणि तो मोजतो खोकी. पंचवीस खोकी आली, पंचवीस नोंदली. आतला प्रोसेसर करारातलाच आहे का, हे पाहणारा तांत्रिक माणूस दौऱ्यावर असतो. दहा दिवस चालूच राहतात, आणि मुदत उलटली तर प्रमाणपत्र आपोआप निघण्याची तरतूद आहे. एकदा सीआरएसी निघालं की नाकारण्याचा सरळ रस्ता बंद. उरते वॉरंटी आणि पोर्टलवरची तक्रार. उपाय सोपा आहे: करार निघताच, मालाची वाट न पाहता, तपासणी करणाऱ्या दोघांची नावं आदेशाने ठरवून टाकायची आणि कराराच्या तपशिलाचं एक पान त्यांच्या हातात द्यायचं. पाच खोकी त्यांनी उघडायची, अनुक्रमांक लिहायचे, बाकीच्यांचे अनुक्रमांक बाहेरून जुळवायचे. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

उशिराच्या पुरवठ्याला दर आठवड्याला ०.५ टक्के, कमाल १० टक्के दंड आहे. मुदतवाढ देताना 'दंडासह' की 'दंडाशिवाय' हे निवडावं लागतं, आणि ती निवड सक्षम प्राधिकाऱ्याची. लिपिकाने खात्यात परस्पर करायची नाही. उलट बाजूही आहे. सीआरएसीनंतर १० दिवसांच्या पुढे देयक रखडलं तर केंद्राच्या खरेदीदारांना दरमहा १ टक्का व्याज लागतं. १२ लाखांच्या देयकावर महिन्याला १२,०००. विक्रेता सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल तर त्यावर त्यांच्या कायद्याची ४५ दिवसांची कमाल मुदत आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहेच. ही रक्कम कोणाच्या चुकीमुळे गेली, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

मार्चअखेरीचा खेळ जेमने थांबवलेला नाही, फक्त त्याला तारखा लावल्या आहेत. निधी व्यपगत होऊ नये म्हणून माल यायच्या आधी सीआरएसी द्यायचं आणि माल एप्रिलमध्ये सावकाश आणायचा, हा प्रकार आता पकडायला फार सोपा झाला आहे. मालवाहतुकीच्या ई-वे बिलाची तारीख एप्रिलची आणि स्वीकृती मार्चची, एवढं पुरतं. त्यापेक्षा उलटं मोजावं. ३१ मार्चपर्यंत पैसे जायचे असतील तर पुरवठ्याचे ३० दिवस, स्वीकृतीचे १० आणि देयकाचे १० धरून करार ९ फेब्रुवारीपर्यंत निघायला हवा. त्याआधी बिड २१ दिवस, तांत्रिक मूल्यमापन १५ दिवस, दर उघडून मान्यता ४ दिवस. म्हणजे बिड ३१ डिसेंबरला प्रसिद्ध झालेली हवी. फेब्रुवारीत पुढे आलेल्या मागणीवर काय शेरा मारायचा ते या हिशोबातून कळतं.

जेमबाहेर जायचं असेल तर आधी उपलब्धता अहवाल काढावा लागतो. तो अहवालही शोधशब्दावर अवलंबून असतो. 'बहुउद्देशीय प्रयोगशाळा संच' असं काही शोधलं तर अर्थातच काही सापडत नाही. सोबत कोणते शब्द टाकून शोधलं ते लिहून घ्यावं. एकाधिकार वस्तूच्या (एकाच उत्पादकाकडे मिळणाऱ्या) प्रमाणपत्राचंही तसंच: 'दुसरा पर्याय स्वीकारार्ह नाही' याचं कारण वापरणाऱ्या शाखेच्या तांत्रिक अधिकाऱ्याच्या सहीने हवं. विक्रेत्याने पाठवलेला मसुदा तसाच नाव बदलून लावलेला नस्तीत सहज ओळखू येतो. भाषा फार गुळगुळीत असते.

खात्यांची रचना मात्र पोर्टलने विचारपूर्वक केली आहे. प्राथमिक वापरकर्ता म्हणजे कार्यालयप्रमुख. तो स्वतः खरेदी करत नाही. खरेदीदार, मालप्राप्तकर्ता आणि पैसे देणारा अधिकारी ही दुय्यम खाती तो तयार करतो. तीन कामं तीन माणसांकडे राहिली तर एकमेकांवर आपोआप लक्ष राहतं. पण कंत्राटी संगणकचालकाच्या हातात तिन्ही खात्यांचे पासवर्ड आणि ओटीपी आला की फोनवर सांगून मोकळं होणारे साहेब, हे चित्र जिथे आहे तिथे ही सगळी रचना कागदावरच राहते. ई-स्वाक्षरी आधारशी जोडलेली आहे. ओटीपी सांगितला म्हणजे सही केली. खरेदीदार आणि मालप्राप्तकर्ता ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे आहेत का, हे प्राथमिक वापरकर्त्याला आपल्या डॅशबोर्डवरून पाच मिनिटांत पाहता येतं; निदान तिमाहीला एकदा पाहावं.

बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत वाहन, कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्का असतो, जेमचं खातं नसतं. नव्या अधिकाऱ्याने पदभार घेतल्या दिवशी पाच गोष्टी मागून घ्याव्यात: चालू बिडची यादी आणि त्यांच्या उघडण्याच्या तारखा, उत्तर न दिलेल्या हरकती, सीआरएसी बाकी असलेले करार, देयक बाकी असलेले करार, आणि जुन्या अधिकाऱ्याच्या नावावर अजून सुरू असलेली दुय्यम खाती. शेवटची बंद करून नवी उघडेपर्यंत कोणताही करार पुढे सरकू देऊ नये, मग मार्च असला तरी.